आवाजाचा ठावठिकाणा

पुस्तक हातीं आलें म्हणजे तें चाळतां येतें. अनुक्रमणिकेवरून बोट फिरवितांच हवें तें पान उघडतें. आवाजाचें तसें नाहीं. तासाभराच्या कीर्तनांत काय आहे हें कळण्यास तासभर बसून तें ऐकावेंच लागतें. म्हणून महाजालावर शोध घेणारीं यंत्रें आजहि पुष्कळ अंशीं आवाजाच्या व चित्राच्या कडेला लिहिलेल्या शब्दांवरच भिस्त ठेवितात.

समजा, नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगरास महाशिवरात्रीची श्रीपरमेश्वराची यात्रा भरली आहे आणि तेथील एका तरुणानें एका वृद्ध गायकाचें भारूड मोबाईलवर टिपून युट्यूबवर चढविलें. मोबाईलनें त्यास नांव म्हणून एक लांबलचक आंकडा दिलेला. तरुणानें त्यावर ‘जबरदस्त भारूड, नक्की बघा’ एवढीच ओळ घातली. दहा वर्षांनीं मराठवाड्यांतील भारुडांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीस तें सांपडावें कसें? तिनें शोधावयाचे शब्द म्हणजे गांव, गायक, यात्रा, साल; आणि त्यांपैकीं एकहि तेथें लिहिलेला नाहीं.

ध्वनीचा किंवा चित्राचा असा ठावठिकाणा सांगणाऱ्या नोंदीस मेटाडेटा म्हणतात; माहितीविषयींची माहिती, असा त्याचा सरळ अर्थ. मात्र ती नुसती असून भागत नाहीं. ती रचलेली असावी लागते. सातबाराच्या उताऱ्यावर खातेदाराचें नांव, क्षेत्र आणि पीक यांचे रकाने वेगळे असतात. तींच अक्षरें एका परिच्छेदांत कोंबलीं तर तलाठ्याचीहि त्रेधा उडेल. यंत्राचें असेंच आहे. एकाद्या मुलाखतीवर ‘किल्लारी, १९९३’ एवढेंच लिहिलें, तर १९९३ हें भूकंपाचें वर्ष कीं मुलाखतीचें? भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. मुलाखत कदाचित् पंचवीस वर्षांनीं पुण्यांत घेतलेली असेल. विषयाचा काळ आणि मुद्रणाचा काळ, विषयाचें स्थळ आणि मुद्रणाचें स्थळ, हे चार रकाने निराळे ठेवले म्हणजे घोटाळा होत नाहीं.

या बाबतींत महाराष्ट्रांत झालेलें एक काम मुद्दाम पाहण्यासारखें आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, परंतु पुण्यासच स्थायिक झालेले गी पॉइतवाँ यांनीं खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गांवें हजाराहून अधिक, ओव्या एक लक्षाहून अधिक! बर्नार्ड बेल या संगीताभ्यासकानें त्यांपैकीं कांहीं हजार ओव्यांचे आवाज मुद्रित केले आणि साऱ्या संग्रहाची संगणकावर मांडणी केली. पॉइतवाँ २००४ सालीं वारले व राईरकर २०१० सालीं. तरी संग्रह मुका झाला नाहीं. ‘पारी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेनें २०१७ पासून तो लोकांपुढें आणण्यास आरंभ केला.

हें शक्य झालें तें नोंदींमुळें. ओवीला विषयवार वर्गीकरणाचा क्रमांक आहे. आणि जी गायिली गेली तिच्याबरोबर गायिकेचें नांव, गांव, तालुका, जिल्हा, वय, शिक्षण, व्यवसाय आणि मुद्रणाचा दिनांक येतो. बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या भीमनगर वस्तींत १९९६ सालीं बायकांनीं गायिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या किंवा परभणी जिल्ह्यांतील ताडकळसच्या, सीतेच्या वनवासाच्या ओव्या आज घरबसल्या ऐकतां येतात त्या यामुळेंच. पुढें तर वीसएक वर्षांनीं कार्यकर्ते त्याच नोंदींचें बोट धरून कांहीं गायिकांच्या दारीं पुन्हां पोहोंचले. लोकगीतांवर ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून गाणाऱ्या बाईचें नांव गाळण्याची आपली खोड जुनी आहे. ज्यांना स्वतःची सही करण्यास कोणी शिकविलें नाहीं, अशा कित्येकींचें नांव त्यांच्या आवाजाशीं जोडलेलें राहिलें, तें एका रकान्याच्या जोरावर.

रकाना भरतांना गांवाच्या नांवाशीं मात्र गांठ पडते, आणि मराठवाड्यांत ती फारच गुंतागुंतीची आहे. हिमायतनगरचें जुनें नांव वाढोणा. एकानें वाढोणा लिहिलें, दुसऱ्यानें हिमायतनगर, तर एकाच गांवचीं दोन गाणीं यंत्राच्या लेखीं एकमेकांस ओळखणार नाहींत. १९८२ पूर्वींचें लातूर उस्मानाबाद जिल्ह्यांत सांपडेल, आणि तो उस्मानाबाद आतां धाराशिव झाला आहे. १९९९ पूर्वींची हिंगोली परभणी जिल्ह्यांत. यावर उपाय एकच: मुद्रणाच्या वेळचें नांव जसेंच्या तसें ठेवावें, आजचें नांव शेजारीं द्यावें, आणि कोणतेंहि पुसूं नये.

अशा रकान्यांचीं नांवें प्रत्येकानें आपापल्या परीनें ठरविलीं तर पुन्हां गोंधळच. म्हणून २०११ सालीं गूगल, बिंग व याहू या प्रतिस्पर्ध्यांनीं एकत्र येऊन ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नांवाची एक समाईक शब्दावली काढली. तींत व्हिडिओचें शीर्षक, वर्णन, प्रसिद्धीचा दिनांक, लांबी, एवढेंच नव्हे तर कोणता भाग कितव्या सेकंदास सुरू होतो, हेंहि सांगतां येतें. पॉडकास्टचें कार्य आरएसएस नांवाच्या यादीवर चालतें. प्रत्येक भागाचें शीर्षक, तारीख व ध्वनीचा पत्ता तींत असतो. टॅग म्हणून शंभर लोकप्रिय शब्द ओतण्याची हौस पुष्कळांस असते, पण तिचा उपयोग थोडा. युट्यूबच टॅगांपेक्षां शीर्षक आणि वर्णन यांस अधिक महत्त्व देतें.

आतां यंत्र मराठी भाषण ऐकून त्याचे शब्दहि लिहूं लागलें आहे, मग हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. जात्याच्या घरघरींतून येणारा मराठवाडी बोल तें कितपत उतरवील हा प्रश्न बाजूस ठेवूं. सर्व शब्द बिनचूक उतरले तरी गाणारी कोण, कोणत्या गांवची, हें त्या शब्दांत असेलच असें नाहीं. तें ठाऊक असतें तिच्या सुनेला, शेजारणीला, किंवा कॅसेटच्या वेष्टणावर पेन्सिलीनें चार अक्षरें लिहून ठेवणाऱ्याला. घरोघरच्या कपाटांत अशा कॅसेटी अजून पडून आहेत. त्यांचा आवाज संगणकावर घेण्याचें काम पुढील वर्षींहि करतां येईल. तो कोणाचा हें विचारण्याचें काम मात्र सांगणारीं माणसें आहेत तोंवरच होणारें आहे.