रोहिणी खाडिलकर यांची जडणघडण

बुद्धिबळपटूचें चरित्र लिहितांना त्याचे विजय मोजण्याकडेच सामान्यतः लक्ष असतें. तो कोणाच्या सहवासांत घडला, हा शोध अधिक बोधप्रद होय. रोहिणी खाडिलकर यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

त्यांचा जन्म १ एप्रिल १९६३ रोजीं मुंबईस झाला. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे त्यांचे पणजोबा, कृष्णाजीपंतांनीं १९२३ सालीं काढलेल्या ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठराव हे तीर्थरूप, वासंती व जयश्री या वडील भगिनी. महिलांचें राष्ट्रीय अजिंक्यपद १९७४ पासून १९८३ पर्यंत दहाही वेळां याच घरांत राहिलें : वासंतीबाईंकडे एकदां, जयश्रीबाईंकडे चारदां, रोहिणीबाईंकडे पांचदां. तुल्यबळ प्रतिस्पर्धी शोधण्यास उंबरठा ओलांडावा लागला नाहीं, हें यावरून उघड होतें.

उंबरठ्याबाहेर मात्र निराळा प्रसंग होता. १९७६ सालीं तेरा वर्षांची ही मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरली, तेव्हां वाद माजला व प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. जागतिक संघटनेचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनीं स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. पुढें १९८१ त हैदराबादेस रोहिणीबाईंनीं आशियाई महिला अजिंक्यपद मिळविलें.

सारांश, घरानें खेळ दिला. खुल्या पटावर बसण्याचा हक्क मात्र भांडून घ्यावा लागला. डावांच्या हस्तलिखित नोंदी व स्पर्धांचा पत्रव्यवहार हीं अशा चरित्राचीं अस्सल साधनें होत. तीं रद्दींत जाण्यापूर्वीं संग्राहकांनीं हस्तगत करावीं.