रेड : हरवलेला आकडा आणि उरलेली बेरीज

रेड म्हटले की आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रथम आयकर खात्याची धाड आठवते. मलाही तीच आठवली. दिवाळीच्या सुटीत जमाखर्च शिकण्यासाठी मी एका पतसंस्थेत बसत होतो. एके सकाळी संगणक खातीच दाखवीना. तंत्रज्ञ आले, पेटी उघडली आणि म्हणाले, "एरडू होग्याव." चारांपैकी दोन डिस्क गेल्या होत्या. पहिली गणपतीतच गेली होती. तिचा पिवळा दिवा तेव्हापासून लागलेला होता, पण काम चालू होते म्हणून कोणी पाहिले नाही. मी तर रोज त्याच पेटीवर जेवणाचा डबा ठेवीत असे.

एक डिस्क गेल्यावरही काम कसे चालते? बेरजेचे उदाहरण घ्या. तीन डिस्कवर 7, 5, 9 लिहिले आणि चौथीवर बेरीज 21. आता 5 पुसला गेला, तर 21 मधून 7 आणि 9 वजा करावे. 5 परत मिळतो. प्रत्यक्षात बेरीज नसून एकांची संख्या सम की विषम एवढेच नोंदवतात, पण तत्त्व हेच. यालाच पॅरिटी म्हणतात. दोन आकडे एकदम पुसले, की मात्र गणित सुटत नाही. आमचे तेच झाले.

1988 साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना निबंधरूपाने मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्क वापराव्यात, आणि त्या वारंवार बिघडणार म्हणून जादा नोंद ठेवावी. 'रेड'मधला 'आय' मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा. पुढे तो 'इंडिपेंडंट'चा झाला. (किमती पाहता हा बदल प्रामाणिकच म्हणायचा!)

4 टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या तर रेड 0 मध्ये सोळाही टेराबाइट वापरता येतात, पण संरक्षण शून्य. रेड 5 मध्ये बारा मिळतात, एक डिस्क गेली तरी चालते. रेड 6 मध्ये आठच, पण कोणत्याही दोन गेल्या तरी हिशेब शाबूत. रेड 10 मध्येही आठ. तिथे प्रत्येक डिस्कची जोडीला हुबेहूब प्रत असते. लिहिण्याचे काम झपाट्याने होते, परंतु एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर संपले.

मिनिटाला 7200 फेरे घेणारी मोठी डिस्क स्वस्त पडते. सॉलिड स्टेट डिस्क वेगवान, पण महाग. मोठ्या डिस्कचा खरा खर्च ती बदलताना कळतो. सेकंदाला 150 मेगाबाइट या वेगाने 16 टेराबाइटची डिस्क पुन्हा भरायला जवळजवळ तीस तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या, बहुधा त्याच वयाच्या डिस्क अखंड राबतात. म्हणून मोठ्या डिस्कना रेड 6 बरे, असे माझे मत झाले आहे.

शिवाय चुकून पुसलेले खाते रेड परत देत नाही. ते सगळीकडूनच पुसले जाते. त्यासाठी प्रत वेगळी हवी. आमच्या सुदैवाने महिनाअखेरची प्रत तिजोरीत होती. पुढच्या एकोणीस दिवसांची व्हाउचरे आम्ही तिघांनी पुन्हा चढवली. रोजकीर्दीला दहा रुपये कमी पडत होते. ते शेवटी पिग्मी गोळा करणाऱ्या मावशींच्या डायरीत सापडले.