भाद्रपदातील मरुभूमी : जेथे पाणी, तेथे देव

श्रीगणेशाला वाहावयाच्या एकवीस पत्रींमध्ये बेल, आघाडा, धोतरा यांच्या जोडीने शमीचेही पान असते. पत्रीची जुडी बाजारातून आणणाऱ्यांपैकी कितीजणांस त्यातील शमी ओळखता येईल, याविषयी आम्हांस शंकाच आहे. आपल्याकडे सौंदड म्हणून ठाऊक असलेला हाच वृक्ष राजस्थानच्या मरुभूमीत 'खेजडी' या नावाने नांदतो, आणि तेथे त्याचे काम केवळ पूजेपुरते नसते. त्याचा पाला शेळ्या-उंटांचा चारा होतो. त्याच्या कोवळ्या शेंगा, म्हणजे 'सांगरी', वाळवून वर्षभर भाजीला पुरवितात. त्याच्या विरळ सावलीत बाजरी वाढते. राजस्थान सरकारने १९८३ साली त्याला राज्यवृक्षाचा मान दिला, परंतु लोकांनी तो कितीतरी शतके आधीच देऊन ठेविला होता.

आणखी एक योग असा की, ज्या भाद्रपद शुद्ध पक्षात आपल्या घरी गणराय येतात, त्याच पक्षात थरच्या वाळवंटातील काही मोठ्या जत्रा भरतात. सहली तेथे हिवाळ्यात निघतात. तो काळ सुखाचा, हे खरे. पण मरुभूमीचे मन पाहावयाचे तर ती भाद्रपदातच पाहावी. जैसलमेरकडे वर्षाकाठी पाऊस पडतो तो वीस सेंटीमीटरच्या आसपास. कोकणात एखाद्या दिवशीच तेवढा कोसळून जातो! बरसला असेल तर तो या सुमारास बरसून गेलेला असतो, तळ्यांत पाणी आलेले असते, आणि माणसे देवदर्शनास बाहेर पडलेली असतात. तेथील देवस्थाने बहुधा तळ्याकाठी, विहिरीपाशी किंवा राखलेल्या रानातच का सापडतात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

प्रारंभ खेजडलीपासून करावा. जोधपूरच्या आग्नेयेस सुमारे पंचवीस किलोमीटरवरील या गावी शिल्पवैभव असे काही नाही. १७३० साली महाराजा अभयसिंह यांच्या राजवाड्यासाठी चुना भाजावयास लाकूड हवे होते, म्हणून राजसेवक येथील खेजड्या तोडावयास आले. अमृतादेवी या बिश्नोई स्त्रीने झाडाला मिठी मारली आणि प्राण दिला. तिच्यामागून तिच्या तीन कन्या व भोवतालच्या गावचे लोक पुढे आले, आणि ३६३ जणांची आहुती पडली. भाद्रपद शुद्ध दशमीला त्यांच्या स्मरणार्थ तेथे मेळा भरतो. बिश्नोई पंथ गुरू जांभोजींनी १४८५ साली स्थापिला. त्यांच्या एकोणतीस नियमांत हिरवे झाड न तोडणे हा एक नियम आहे. लाकूड जळू नये म्हणून हे लोक मृतांचे दहनही करीत नाहीत, भूमीत ठेवितात. जांभोजींची समाधी बिकानेर जिल्ह्यात नोखा गावाजवळ मुकाम येथे आहे.

जोधपूरहून जैसलमेरची रेल्वे धरली की वाटेत ओसियां लागते. आठव्या शतकापासून बारावीपर्यंतची मंदिरे येथे एकत्र पाहावयास मिळतात. सच्चियामातेचे उंचावरील देऊळ आणि महावीरांचे प्राचीन मंदिर ही त्यांत प्रमुख. नगर, पुणे, जळगाव भागांत पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या ओसवाल कुटुंबांचे नाव याच गावावरून पडले आहे, ही गोष्ट त्यांच्या शेजाऱ्यांसही ठाऊक असावी. पुढे फलोदीजवळ खीचन हे लहानसे गाव आहे. दूरच्या उत्तरेकडून थव्याथव्यांनी येणाऱ्या करकोच्यांना, तेथल्या भाषेत 'कुरजां'ना, जैन गृहस्थांच्या पुढाकाराने गावकरी रोज दाणे घालतात. हे पाहुणे भाद्रपदाच्या अखेरीपासून उतरू लागतात आणि फाल्गुनापर्यंत राहतात. ज्या फलोदीत मे २०१६ मध्ये पारा ५१ अंशांवर गेला, तिच्या वेशीवरचे हे अन्नछत्र!

पण या पक्षातील खरी यात्रा रामदेवऱ्याची. पोकरणपासून दहा-बारा किलोमीटरवर हे स्थान आहे व रेल्वेचे स्थानकही त्याच नावाचे आहे. भाद्रपद शुद्ध द्वितीया हा बाबा रामदेवांचा जन्मदिवस मानला जातो. तेथून एकादशीपर्यंत लक्षावधी 'जातरू' येतात, आणि त्यांतील कितीतरी गुजरात-माळव्यापासून पायी येतात. हातात ध्वजा, पायांत फोड, आणि वाटेवर ठिकठिकाणी गावकऱ्यांनी मांडलेले 'रामरसोडे', म्हणजे फुकट जेवणाच्या पंगती. पंढरीची वाट चाललेल्याला हे दृश्य परके वाटणार नाही. बाबांना कापडाचे घोडे वाहतात. हिंदू त्यांना कृष्णाचा अवतार मानतात, मुसलमान 'रामसा पीर' म्हणतात. मक्केहून पाच पीर त्यांची परीक्षा घ्यावयास आले आणि 'आम्ही आमच्याच भांड्यांत जेवतो' असे म्हणताच ती भांडी बाबांनी तेथल्या तेथे आणून दिली, अशी कथा सांगतात. कथेपेक्षाही आम्हांस डालीबाईची समाधी अधिक बोलकी वाटते. मेघवाळ जातीत वाढलेली ही भक्त स्त्री. तिची समाधी बाबांच्या समाधीशेजारीच आहे, आणि 'डालीबाईचे कंकण' म्हणून दाखविल्या जाणाऱ्या दगडी कड्यातून सर्व जातींचे यात्रेकरू वाकून पार होतात. आजचे मंदिर बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी १९३१ साली बांधविले. मात्र मंदिराआधी रामसरोवर पाहावे. ते बाबांनीच खोदविले, अशी श्रद्धा आहे. ज्या देशी चमत्कार करावयाचा तर तळे खोदावे, असे संतासही वाटले, तो हा देश.

जैसलमेरचा ११५६ साली पायाभरणी झालेला सोनेरी किल्ला सत्यजित राय यांच्या १९७४ च्या 'सोनार केल्ला' या चित्रपटाने सर्वदूर नेला; त्याचे वर्णन येथे लांबवीत नाही. आतील जैन मंदिरांतील कोरीव काम डोळे भरून पाहावे आणि मग गडीसर तलावाकडे उतरावे. त्याच्या देखण्या वेशीची दंतकथा मोठी रोचक आहे. टीलों नावाच्या गणिकेने ती बांधविली. गणिकेने उभारलेल्या दाराखालून राजाने पाण्याकडे कसे जावे, असा प्रश्न दरबारी मंडळींनी काढला. तेव्हा तिने वेशीवर श्रीकृष्णाचे मंदिर बसवून टाकले. मग वेस पाडण्याची प्राज्ञा कोणाची? पूर्वी सारे शहर या तळ्यावर जगे. त्याच्या 'आगोरा'त, म्हणजे पाणी वाहून येते त्या भूमीत, घाण करणे हे पापच समजत. आता नळ आले आणि उलटेच संकट उभे राहिले : किल्ल्यावरील वस्तीचे सांडपाणी मुरून त्याचा पाया ढिला होत आहे. किल्ला बांधताना इतक्या पाण्याचा विचार कोण करणार होते!

जवळच लोद्रवा येथे भाटी राजांच्या जुन्या राजधानीतील पार्श्वनाथाचे मंदिर आहे. कुलधरा या ओस गावी भुतांच्या गोष्टी विकल्या जातात. त्यापेक्षा तेथल्या पालीवाल ब्राह्मणांची 'खडीन', म्हणजे बांध घालून पावसाचे पाणी शेतात अडविण्याची रीत, समजून घ्यावी. जैसलमेरहून सुमारे १२० किलोमीटरवर तनोटमातेचे देऊळ आहे. १९६५ च्या युद्धात तेथे पडलेले तोफगोळे फुटले नाहीत, ही सैनिकांची श्रद्धा. न फुटलेले गोळे देवळात मांडून ठेविले आहेत आणि व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे.

बिकानेरकडे वळल्यास कोलायतचे कपिल सरोवर आहे. तेथील मेळा कार्तिकी पौर्णिमेचा. देशनोकच्या करणीमातेकडे मात्र लोक उंदीर पाहावयास जातात आणि मंदिराभोवतीचे बोरीचे रान न पाहताच परततात. त्या रानास 'ओरण' म्हणतात. आपली देवराई ती हीच. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवावयाची नाही. गुरे चरावीत, पक्ष्यांनी राहावे, तळ्यात पाणी उतरावे.

या ओरणांवर आज गदा आली आहे. सरकारी दप्तरांत त्यांतील पुष्कळांची नोंद पडीक जमीन अशी आहे, आणि पडीक म्हटल्यावर ती सौर व पवनऊर्जा प्रकल्पांना देण्यास हरकत कोणती? बिकानेर-जैसलमेर भागांत खेजड्यांची तोड झाल्याने ग्रामस्थ व बिश्नोई समाज आंदोलनास उतरला. वीजवाहिन्यांच्या तारांवर आदळून गोडावण पक्षी मरतात. हा आपला माळढोक, ज्यासाठी नान्नजचे अभयारण्य झाले आणि जो आपल्याकडे जवळजवळ दिसेनासाच झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओरणांचे प्रत्यक्ष व उपग्रहाद्वारे मापन करून त्यांना वनाचा दर्जा द्यावा, असा आदेश राजस्थानला दिला. सूर्याची वीज देशाला हवी, हे आम्हांसही मान्य आहे. पण जी भूमी शेकडो वर्षे कोणी नांगरली नाही ती कोणाची नाही, असा हिशेब मांडणाऱ्या कारकुनास एकदा भाद्रपदात तेथे उभे करावे, असे आम्हांस वाटते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रामदेवऱ्याच्या मेळ्यात राहण्याची सोय दुर्मीळ. मुक्काम पोकरण किंवा फलोदी येथे करावा. देशनोकला पाय उचलून न टाकता घासत चालावे, कारण पायाखाली उंदीर मेल्यास चांदीचा उंदीर वाहण्याची रीत आहे. आणि एकादशीचा दिवस राखून ठेवावा. आपण ज्या अनंतचतुर्दशीला गणरायास निरोप देतो, तिच्या तीनच दिवस आधी राजस्थानात 'जलझूलनी' एकादशी असते. गावोगावचे देव पालखीत बसून तळ्यावर जातात, स्नान करतात आणि सायंकाळी वाजतगाजत पुन्हा घरी येतात.