ब्रेसियरचे माप आणि मानेचे दुखणे

“डॉक्टर, मान आखडते, खांदे भरून येतात, एखादे टॉनिक लिहून द्या,” असे म्हणत दवाखान्यात येणाऱ्या भगिनी पुष्कळ असतात. तपासताना कित्येकींच्या खांद्यांवर खोल वळ दिसतात आणि छातीखाली लाल, ओलसर चट्टे. या विषयावर घरात बोलले जात नाही. दुकानात पुरुष विक्रेत्यासमोर “चौतीस द्या” एवढे पुटपुटून पुडके पिशवीत टाकायचे, बस्स! लग्नाआधीचा नंबर दोन बाळंतपणांनंतरही तोच राहतो. चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो.

ब्रेसियरच्या मापात आकडा असतो तो छातीभोवतीच्या पट्ट्याचा आणि अक्षर असते ते कपचे. शिंप्याची टेप घ्यावी. स्तनांच्या लगेच खाली टेप घट्ट धरून एक माप घ्यावे, सर्वांत भरलेल्या भागावरून सैलसर दुसरे. समजा, ही मापे ३० व ३६ इंच आली. पुष्कळ कंपन्या खालच्या मापात चार इंच मिळवतात, म्हणजे आकडा झाला ३४. आता ३६ वजा ३४, फरक दोन इंच. एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, या हिशेबाने माप ३४ बी. पण काही कंपन्या चार इंच मिळवतच नाहीत. त्यांच्याकडे याच बाईचा आकडा ३० आणि अक्षर बरेच पुढचे! म्हणून नंबर पाठ करण्यापेक्षा दोन्ही मापे कागदावर लिहून न्यावीत आणि कंपनीचा तक्ता पाहावा.

‘बी’ म्हणजे एक ठरावीक आकार, हाही गैरसमजच. ३८ चा बी कप ३२ च्या बीपेक्षा बराच मोठा असतो. उलट ३६ बी आणि ३४ सी यांचे कप जवळजवळ सारखे. कप लहान पडला की बहुतेकजणी ३४ ची ३६ घेतात. मग पट्टा सैल होऊन पाठीवर वर चढतो आणि आधारासाठी खांद्यावरचे बंद आवळले जातात. भार पेलणे हे मुख्यतः पट्ट्याचे काम. ते बंदांवर पडले की खांदे व मान दुखणारच. अशा वेळी आकडा तोच ठेवून अक्षर वाढवावे.

नवी ब्रेसियर सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक पुढे ढिले पडते. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत. बाजूने मांस बाहेर येत असेल तर कप लहान, सुरकुत्या पडत असतील तर मोठा. अंगावर पाजणाऱ्या मातेने तर घट्ट ब्रेसियर घालूच नये. दूध साचून गाठ धरते, ताप येतो.

पावसाळ्यात आणखी एक त्रास. लाजेपोटी ही वस्तू टॉवेलखाली, आडोशाला वाळत घातली जाते व ओलसरच अंगावर चढते. घाम आणि ओल मिळाली की छातीखाली बुरशी वाढते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबते, नायटा मात्र पसरत जातो. कपडा उन्हात वाळवावा. ऊन लाजत नाही!

काळ्या ब्रेसियरने कॅन्सर होतो, ही भीती निराधार आहे. तारेच्या ब्रेसियरबद्दलही तेच. अमेरिकेतील सिअॅटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने २०१४ मध्ये दीड हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली. कपचा आकार, तार, रोज किती तास वापर, कशाचाच स्तनाच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

मात्र स्तनात गाठ लागली, स्तनाग्रातून रक्तमिश्रित पाणी आले किंवा एका बाजूची कातडी आत ओढली गेली, तर “ब्रेसियर काचली असेल” म्हणून थांबू नये. दुखत नसले तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.