नापास करावं की वर ढकलावं?

मंडळी, "पोरगं सहावीत गेलं, पण धड वजाबाकी येत नाही. मग वर ढकललंच कशाला?" असं पारावर पुष्कळदा ऐकू येतं. त्यामागची हकीकत समजून घेऊ.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही, असं ठरवलं. नापासाचा शिक्का बसला की गरिबाचं पोर शाळा सोडतं आणि गुरांमागं जातं, ही त्यामागची काळजी. पण धाक गेला तसा अभ्यासही गेला, अशी ओरड झाली. म्हणून 2019 मध्ये दुरुस्ती झाली. पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा. न जमल्यास जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तरीही न जमलं, तर त्याच वर्गात ठेवायचं का, हे सरकारनं ठरवायचं. आठवीपर्यंत शाळेतून काढता मात्र येत नाही.

गुरुजी, या कायद्याचा जीव त्या दोन महिन्यांत आहे. शेतकरी पेरून थेट खळ्यावर जात नाही. मधे खुरपणी करतो. आणि पालकहो, ते दिवस येतात नेमके सुट्टीचे, लग्नसराईचे. तेवढे दिवस पोराला शाळेत धाडा. नाहीतर फेरपरीक्षा म्हणजे तेच अपयश दोनदा मोजणं!