जुन्या खुर्चीचे सांधे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. इथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी उतरलं आणि गल्लोगल्ली घरांसमोर ढीग लागले. गाद्या, वह्या-पुस्तकं, फ्रीज, आणि त्यांच्यावर उलटेपालटे टाकलेले कपाटांचे फुगलेले पल्ले. २०२१ च्या जुलैत पाण्यानं पुन्हा ५० फुटांची रेघ ओलांडली आणि पुन्हा तेच चित्र दिसलं. चिखलात बुडालेलं घर धुऊन काढणाऱ्या माणसाला लाकूड कोणतं, सांधा कसला हे बघायला सवड नसते. फुगलेल्या बोर्डाबरोबर सागवानी आरामखुर्ची, फडताळ, घडवंचीही गाडीत पडते. खरं तर या दोन प्रकारच्या सामानाचं नशीब अगदी वेगळं असतं.

भुश्याचा बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिपा गोंदात कालवून दाबलेला तक्ता. बहुतेक वेळा हा गोंद युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि पाण्यात तो टिकत नाही. चिपा फुगतात, एकमेकींना सोडतात, आणि वाळल्यावरही पहिल्या जागी येत नाहीत. त्यावर उपाय नाही. प्लायवूडचं जरा बरं, पण तेही प्रतीवर अवलंबून. आयएस ३०३ या भारतीय मानकाच्या साध्या प्लायला दमटपणा चालतो, महापूर चालत नाही. आयएस ७१० चा, ज्याला दुकानात मरीन म्हणतात, तो बराच वेळ तग धरतो.

भरीव लाकूड मात्र पाणी पितं आणि ते परतही देतं. लाकडात पाणी दोन ठिकाणी राहतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी निघून जाताना लाकडाचा आकार बदलत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी जाऊ लागतं आणि तेव्हा लाकूड आकसतं. तेही सगळीकडून सारखं नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेनं ते जितकं आकसतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास गाभ्याकडून सालीकडे आकसतं, आणि लांबीत जवळजवळ आकसतच नाही. रुंद फळी पन्हळीसारखी वाकते ती यामुळं.

म्हणून भिजलेली खुर्ची उन्हात ठेवणं ही सगळ्यांत मोठी चूक. बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतला फुगलेलाच असतो, आणि लाकूड तडकतं. आधी साध्या पाण्यानं सांध्यांतला गाळ धुवायचा, कारण कृष्णेचा बारीक गाळ एकदा भोकात सुकला की सांधा पुन्हा नीट बसत नाही. मग खण बाहेर, मागची फळी सुटी, पायांखाली ठोकळे, आणि सावलीत, वाऱ्याला, आठवडेच्या आठवडे. जाड लाकडाला महिने लागतात. कच्चं लाकूड हवेवर वाळवताना इंचामागं वर्ष असा जुना अंदाज आहे. भिजलेल्या जुन्या सामानाला एवढा काळ लागत नाही, पण धीर तसाच लागतो.

वाळलेली खुर्ची बहुधा डुगडुगते. इथं घरातला उत्साही माणूस खिळ्यांची पुडी आणि फेविकॉलचा डबा आणतो. थांबायला हवं ते नेमकं इथं.

जुन्या सुतारानं खुर्चीचा पाय आणि आडवी पट्टी जोडताना पट्टीच्या टोकाला कुसू काढलेला असतो आणि पायात त्याच मापाचं भोक पाडलेलं असतं. चांगला कुसू हातानं दाबल्यावर आत जातो आणि हलवला तर हलत नाही. त्यातून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असेल तर गोंद सुटला तरी सांधा उभा राहतो. दाराच्या चौकटीतली मधली फळी खाचेत नुसती बसवलेली असते, चिकटवलेली नसते. पावसाळ्यात ती रुंद होते, उन्हाळ्यात अरुंद, आणि चौकटीला त्याचा त्रास होत नाही. चिकटवली असती तर पहिल्याच वैशाखात चिरली असती. हे लाकूडकाम हलण्यासाठी आणि वेळ पडली तर उघडण्यासाठी केलेलं आहे. खिळा मारला की दोन्ही गोष्टी बंद होतात. ओलाव्यात लोखंड गंजतं, खिळ्याभोवती सागावर काळा डाग पडतो, आणि पुढच्या वेळी कुसू काढायला गेलं की तो खिळ्याजवळ मोडतो.

गोंदाचंही तसंच. पूर्वी सरस वापरत. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला हा गोंद दुहेरी भांड्यात गरम करून लावायचा. ओलावा आणि उष्णता मिळाली की तो पुन्हा मऊ होतो, म्हणून सरसाचा सांधा गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून सुटा करता येतो. जुन्या सरसावर नवा सरस धरतोही. पांढरा गोंद १९५९ मध्ये फेविकॉलच्या रूपानं बाजारात आला आणि त्यानं सुताराचे कष्ट खरोखर कमी केले. भांडं तापवायला नको, वास नको, पकड भक्कम. पण तो वाळला की त्याच्यावर दुसरा थर नीट धरत नाही. दुरुस्तीच्या वेळी पटाशीनं तो कणकण खरवडावा लागतो, आणि खरवडताना कुसू बारीक होतो. नवं टेबल करताना पांढरा गोंद खुशाल वापरावा. पन्नास-साठ वर्षांच्या खुर्चीला सरसच घालावा, असं या लेखकाचं ठाम मत आहे. त्या खुर्चीला आणखी एकदा उघडणारं कुणीतरी पुढं असणारच.

या कामाला जागा फार लागत नाही. सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागलं की लगेच माधवनगर येतं. या भागातल्या जुन्या घरांना पडवी असते, मागं थोडी मोकळी जागा असते, आणि घरची कार्यशाळा म्हणतात ती एवढ्यात बसते. आपल्याकडे लाकूडकाम मुळातच घराला चिकटून होतं. गावगाड्यातला सुतार बलुतेदार होता. त्याचं सुतारमेट घरासमोर झाडाखाली असे, नांगर आणि गाडीची चाकं तिथं दुरुस्त होत आणि मोबदला सुगीला धान्यात मिळे. या मुलखात त्याच्या हाताखाली मुख्यतः बाभूळ येई. सागाचं काम करायचं तर तो गिऱ्हाइकाच्या सोप्यात येऊन बसे.

आजही घरच्या माणसाला सुरुवातीला फार हत्यारं लागत नाहीत. एक बारीक दातांची करवत, एक रंधा, पाव इंचापासून इंचापर्यंतच्या तीन-चार पटाश्या, लाकडी मोगरी, गुण्या, आणि जितके परवडतील तितके शिकंजे. या यादीत खरं महत्त्व धार लावायच्या दगडाला आहे. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती पातं झपाट्यानं बोथट करते. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, फाडते, आणि घसरली की हात कापते. बाजारातून आणलेली नवी पटाशी धार लावल्याशिवाय वापरायचीच नाही. विजेवर चालणारं रंधायंत्र, राऊटर ही पुढची गोष्ट. दुरुस्तीत त्यांची गरज क्वचित पडते.

ज्यांना घरातल्या कार्यशाळेत किती बारीक काम होतं हे बघायचं असेल त्यांनी माधवनगरहून थोड्याच अंतरावरच्या मिरजेला जावं. तिथं शिकलगारांच्या घरांत सतारी आणि तंबोरे घडतात. शिकलगार मूळचे हत्यारांना धार-पाणी देणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, पटवर्धनांच्या मिरज संस्थानात फरीदसाहेब आणि त्यांच्या भाऊबंदांनी तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे भोपळे, तुणीचं हलकं लाकूड, आणि पिढ्यांचा हात एवढ्यावर हा धंदा उभा आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फर्निचर करणाऱ्यानं तिथं दोन गोष्टी शिकाव्यात: वाळलेल्या लाकडाची वाट बघणं, आणि जुनं वाद्य दुरुस्तीला आलं की ते आधी पूर्ण उघडून बघणं.

पॉलिश हा विषय सगळ्यांत जास्त बिघडवला जातो. जुन्या खुर्चीचा तपकिरी काळपटपणा बघून लोक थेट यंत्रानं घासतात आणि त्याबरोबर लाकडाचा शंभर वर्षांत आलेला रंगही भुसा होऊन जातो. आधी तपासावं. खुर्चीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर धरायचा. थर चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं मऊ झालं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर पॉलियुरेथेन किंवा तसलं काहीतरी अलीकडचं.

लाखेचं निघालं तर आनंद मानावा. लाख हा एका किड्याचा स्राव. भारत आजही तिचा मोठा उत्पादक आहे आणि झारखंड त्यात पुढे. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं पातळ थरावर थर चढवायचे. नवा थर जुन्याला थोडा विरघळवतो आणि दोन्ही एक होतात. त्यामुळं ओरखडा पडला तर सगळं खरवडावं लागत नाही, तेवढीच जागा बोळ्यानं भरून निघते. गरम कपानं पडलेलं पांढरं वर्तुळ म्हणजे थरात अडकलेला ओलावा. स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा त्यावरून फिरवला की तेही बहुधा जातं. लाखेचा दोष एकच, तिला पाणी आणि उष्णता सोसत नाही. जेवणाच्या टेबलाला ती लावू नये. तिथं तेल बरं.

जवसाच्या तेलाबद्दल मात्र एक इशारा. तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. हवेतला प्राणवायू घेऊन हे तेल वाळतं, त्यात उष्णता निघते, आणि चुरगाळलेल्या कापडात ती साठून कापड आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं मोकळं पसरून वाळवावं किंवा पाण्याच्या डब्यात बुडवावं. लाकडाच्या धुळीकडेही असंच दुर्लक्ष होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. नाकाचा आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग. पडवीत घासकाम करणाऱ्यानं चांगला मास्क लावावा आणि लहान मुलांना तेव्हा तिकडे फिरकू देऊ नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळं रंगवलेलं सामान कोरडं घासूच नये.

खुर्चीच्या पायाखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असली तर भुंगेऱ्याच्या अळ्या आत आहेत. त्या बहुधा सालीजवळच्या फिक्या लाकडात असतात, कारण तिथं पिष्ट असतं. गाभ्याचा साग त्यांना फारसा आवडत नाही. पॉलिश काढून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पुन्हापुन्हा मुरवलं की आतल्या अळ्यांना ते विष ठरतं. पोखरून पोकळ झालेला भाग कापून तिथं त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवावा. लांबी भरून वरून रंग मारणं हे झाकणं झालं, दुरुस्ती नव्हे.

तुकडा आणायचा कुठून? वखारीतला नवा साग महाग झाला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागाची ख्याती मोठी, २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहहून साग गेला. इकडे दांडेलीचा साग नावाजलेला. पण दुरुस्तीसाठी उत्तम लाकूड जुन्या मोडीत मिळतं. वाडे पाडले जातात तेव्हा तुळया, कड्या, दारांच्या चौकटी मोडीच्या बाजारात येतात. त्यांचं पहिलं मोठं आकसणं कधीच होऊन गेलेलं असतं. फक्त करवत लावण्याआधी आत दडलेला खिळा चुंबकानं शोधावा. जुन्या सागाला गोंद लावण्यापूर्वी सांध्याची जागा थिनरनं पुसायची, नाहीतर सागाच्या अंगच्या तेलानं गोंद धरत नाही.

नवं काही करून शिकायचं असेल तर खुर्चीपासून सुरुवात करू नये. खुर्चीत एकही कोन सरळ नसतो. घडवंची करावी. चार पाय, आठ पट्ट्या, सोळा सांधे, सगळे काटकोनी. पहिले चार कुसू सैल होतील, शेवटचे चार बरे येतील. ज्यांना रीतसर शिकायचं आहे त्यांच्यासाठी आयटीआयचा सुतारकामाचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे. आरामखुर्चीची वेताची जाळी मात्र जाणत्या हाताकडं द्यावी. दृष्टिहीनांच्या शाळांनी हे विणकाम अनेक पिढ्या शिकवलं आहे आणि असा विणकर मिळाला तर त्याच्या बोटांइतका सारखा ताण डोळसाला साधत नाही.

सांगलीच्या हवेत या कामाचं वेळापत्रकही ठरलेलं आहे. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश करू नये. स्पिरिट उडताना थर गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि सगळं पांढुरकं होतं. आषाढ-श्रावणात खुर्ची सुटी करावी, सांधे साफ करावेत, तुकडे कापून ठेवावेत. दिवाळीनंतर सरस घालून शिकंजे आवळावेत. पॉलिश पौषापासून होळीपर्यंत. खण बसवायचा असेल तर तो कोणत्या महिन्यात बसवतोय हे लक्षात ठेवावं: श्रावणात घट्ट बसलेला खण वैशाखात सैल होऊन सरकतो, आणि वैशाखात घट्ट केलेला श्रावणात उघडतच नाही, म्हणून उन्हाळ्यात काम करणाऱ्यानं खणाच्या वरच्या बाजूला नव्या पैशाच्या जाडीएवढी फट सोडावी.