पायाखालचे बंद बुडबुडे

होडीवर पाय घसरण्याची एक हमखास जागा म्हणजे साठवणीच्या कप्प्याचे झाकण. डेकच्या बाकीच्या पृष्ठभागावर साच्यातच खडबडीत नक्षी उठवलेली असते. झाकणाच्या कडा, बिजागरीची जागा आणि खटक्याची खाच मात्र गुळगुळीत राहते. त्यावर समुद्राचे पाणी साचते, माशाचा चिकटा आणि खवले पडतात, पर्यटकांच्या होडीत सनस्क्रीनचा थर चढतो. आणि माणूस नेमका तिथेच पाय ठेवतो, कारण झाकण हीच चढण्या-उतरण्याची पायरी असते आणि बसायची जागाही तीच. अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, या झाकणांवर आणि सगळ्या डेकवर फोमचे पातळ आवरण चिकटवण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत चांगलीच रुळली. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा तो थर होडीवरच्या माणसाच्या सुरक्षिततेत काय भर घालतो आणि कुठे कमी पडतो, हे होडी बांधणाऱ्याने, चालवणाऱ्याने आणि तिच्यात बसणाऱ्यानेही समजून घ्यायला हवे.

सागवानाचा वारसा

फोम येण्याआधी चांगल्या डेकसाठी एकच नाव घेतले जाई, ते सागवानाचे. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यात सहजी कुजत नाही. ते फुगते-आकसते कमी आणि ओले झाले तरी पायाला धरून ठेवते. याचा सर्वांत भक्कम पुरावा मुंबईत घडला. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारच्या सागवानातून 'एचएमएस ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली. आज दोनशेहून अधिक वर्षांनी ती इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे.

पण सागवान महाग आहे, जड आहे आणि त्याच्यामागे जंगलाचा प्रश्न उभा आहे. म्यानमारमधील नैसर्गिक जंगलातला साग आलिशान नौकांच्या डेकसाठी पहिल्या पसंतीचा मानला जाई. फेब्रुवारी २०२१ मधल्या लष्करी उठावानंतर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने त्याच वर्षी म्यानमारच्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. पर्यायांचा शोध त्याआधीच सुरू होता, या घटनांनी त्याची निकड वाढवली.

फोम आला तो मात्र लाकडाची नक्कल करायला नव्हे, तर सर्फिंगच्या खेळातून. लाटेवर फळी चालवणारा खेळाडू फळीवर मेण घासतो, म्हणजे पाय घसरत नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाचा सर्फपटू हर्बी फ्लेचर याने मेणाऐवजी फोमच्या चिकटपट्ट्या आणल्या. पुढे फ्लोरिडातल्या हायपरफॉर्म या कंपनीने अशाच पट्ट्यांचा अनुभव होड्यांकडे वळवला आणि 'सीडेक' हे आवरण बाजारात आणले. आज अनेक कंपन्या हे आवरण बनवतात. त्यात बहुतेक वेळा दोन रंगांचे थर एकावर एक असतात. वरचा थर यंत्राने खाचा पाडून कापला की खालचा काळा थर दिसतो आणि सागाच्या फळ्या व त्यांमधल्या सांध्यांचा भास होतो. याच खाचांमधून पाणीही वाहून जाते.

बुडबुडा घडतो कसा

या फोमचा कच्चा माल म्हणजे इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट, थोडक्यात ईव्हीए. हा पदार्थ आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. धावण्याच्या बुटांचे तळ, हलक्या चपला, लहान मुलांच्या खेळण्याच्या जोडचटया याच्याच फोमच्या असतात. सौर पॅनेलमध्ये काचेखाली जो पारदर्शक थर असतो, तोही बहुधा ईव्हीएच, फक्त बुडबुड्यांविना.

बुडबुडे घालण्यासाठी ईव्हीएमध्ये अ‍ॅझोडायकार्बोनामाइडसारखे रसायन मिसळतात. तापवल्यावर त्याचे विघटन होते आणि मुख्यतः नायट्रोजन वायू सुटतो. सोबत एखादे पेरॉक्साइड असते. ते बहुवारिकाच्या लांब साखळ्यांना आडवे टाके घालते, म्हणजे बुडबुड्यांच्या भिंती फुटत नाहीत. हे मिश्रण बंद साच्यात दाबाखाली तापते. साचा उघडला की कोंडलेला वायू एकदम प्रसरतो आणि लादी क्षणात साच्यापेक्षा मोठी होते. मग त्या जाड लादीचे पातळ काप काढतात.

एक घनमीटर भरीव ईव्हीएचे वजन साधारण ९४० किलो भरते, तर डेकच्या फोमचे १५० ते २०० किलो. म्हणजे पायाखाली येते त्यातला ऐंशी टक्के भाग वायूच असतो. सहा मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर तुकडा जेमतेम एक किलोचा. तेवढ्याच जागेवर दहा मिलिमीटर जाडीचे सागवान बसवले तर साडेसहा किलोच्या आसपास भार पडतो.

यातला कळीचा शब्द आहे 'बंद'. पावाच्या आतली छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून पाव चहा शोषून घेतो. डेकच्या फोममध्ये प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र खोलीसारखा बंद असतो. पाणी वरच्या कापलेल्या, अर्धवट उघड्या बुडबुड्यांतच अडते, आत शिरत नाही. त्यामुळे आवरण फुगत नाही, आतून कुजत नाही आणि लवकर सुकते. गादीत वापरतात तो उघड्या छिद्रांचा स्वस्त फोम डेकवर लावला तर काही दिवसांतच त्यात मीठ, बुरशी आणि वास घर करतील.

ओल्यावर पकड

ओल्या, गुळगुळीत फायबरग्लासवर तळपाय आणि डेक यांच्या मध्ये पाण्याचा अखंड पापुद्रा राहतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना भिडतच नाहीत, म्हणून पाय सुटतो. फोमवर तीन गोष्टी एकत्र घडतात. कापलेले बुडबुडे आणि घासून खरबरीत केलेला पृष्ठभाग पाण्याला दडायला जागा देतात, त्यामुळे तो पापुद्रा तुटतो. फोम पायाच्या आकाराप्रमाणे दबतो, म्हणून प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र वाढते. आणि पाय सरकू लागला की फोमला पुढे दबावे व मागे उठावे लागते. दबताना त्याने घेतलेली सगळी ऊर्जा उठताना परत मिळत नाही. वाया जाणारी ती ऊर्जा म्हणजेच घसरण्याला होणारा विरोध. रबराच्या टायरला ओल्या रस्त्यावर पकड मिळते त्यामागेही याच तत्त्वाचा वाटा असतो.

ही पकड मोजता येते. ब्रिटनमध्ये फरशीसाठी लंबकाची चाचणी वापरतात. रबराचा ठोकळा लावलेला लंबक ओल्या पृष्ठभागावर घासत जातो आणि त्याची किती ऊर्जा खर्च झाली त्यावरून आकडा ठरतो. तिथे ३६ किंवा त्याहून अधिक आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. डेकचे आवरण घेताना रंग आणि नक्षी पाहण्याआधी ओल्या अवस्थेतल्या चाचणीचा आकडा मागायला हवा.

चटका आणि दणका

भर दुपारी डेकवर अनवाणी पाय टेकणे ही परीक्षाच असते. पहिल्या स्पर्शाला त्वचेला जाणवणारे तापमान त्वचा आणि डेक हे दोन्ही किती चटकन उष्णता देतात-घेतात यावर ठरते. समजा चार पृष्ठभाग सारखेच ६० अंश सेल्सिअसला तापले आहेत आणि तळपायाची त्वचा ३३ अंशांवर आहे. भौतिकशास्त्राच्या सोप्या सूत्राने हिशेब केला तर अ‍ॅल्युमिनियमला टेकताच त्वचा ५८ अंशांच्या पुढे जाईल, फायबरग्लासवर सुमारे ४२, सागवानावर ३९ आणि फोमवर ३५ अंशांच्या आसपास राहील. फोममधल्या वायूकडे द्यायला उष्णताच थोडी असते, आणि तीही तो सावकाश देतो.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही आहे. फोम खाली उष्णता जाऊ देत नाही, म्हणून तेवढ्याच उन्हात त्याचा स्वतःचा पृष्ठभाग फायबरग्लासपेक्षा अधिक तापतो. शिवाय पायाखाली दबलेला फोम जास्त घट्ट होतो आणि उष्णता जास्त वाहतो. काळ्या किंवा गडद करड्या फोमवर चटके बसल्याच्या तक्रारी म्हणूनच होतात. आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात फिकट रंग निवडणे ही सौंदर्याची नव्हे, गरजेची बाब आहे.

एक मोठा गैरसमज दणक्यांविषयी आहे. फोममुळे इंजिनाची बारीक थरथर आणि झाकणाचा खडखडाट कमी होतो, बराच वेळ उभे राहणाऱ्याच्या टाचांना आराम मिळतो. वेगवान होडी लाटेवरून आदळते तेव्हा मात्र त्याचा उपयोग नगण्य असतो. अर्ध्या मीटरवरून खाली आलेले शरीर फोमच्या चार मिलिमीटर दबण्यात थांबवायचे म्हटले तर गुरुत्वाच्या सव्वाशेपट त्वरण सोसावे लागेल. गुडघे वाकवून तेच शरीर तीस सेंटिमीटरमध्ये थांबवले तर पावणेदोनपटीच्या आत भागते. पाठीचा कणा वाचवतात ते वाकलेले गुडघे, स्प्रिंगची आसने आणि वेग आवरणारा चालक. फोम आहे म्हणून होडी दामटवणे धोक्याचे आहे.

झाकणावरची कारागिरी

सपाट डेकवर फोम लावणे सोपे, खरी परीक्षा झाकणावर. आधी पारदर्शक प्लॅस्टिकवर किंवा डिजिटल उपकरणाने झाकणाचे नेमके माप घेतात. मग संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र तुकडा कापते. तुकडा कडेपर्यंत नेत नाहीत, चारही बाजूंनी काही मिलिमीटर जागा सोडतात. कडेला भिडलेला फोम झाकण उघडताना बोटाखाली येतो आणि तिथूनच सुटू लागतो. याच कारणाने कोपरे गोल ठेवतात आणि वरची धार तिरकी छाटतात.

झाकण पूर्ण मागे उलटून डेकवर टेकत असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. झाकणावर सहा आणि डेकवर सहा, असा बारा मिलिमीटरचा अडथळा बिजागरीजवळ तयार होतो. झाकण सपाट पडत नाही, आणि कोणी जोर लावला की बिजागरीचे स्क्रू उपटतात. अशा ठिकाणी तीन मिलिमीटरचा पातळ तुकडा लावावा किंवा बिजागरीलगतची पट्टी मोकळी सोडावी. पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली रबरी पट्टी असते आणि तिच्याभोवती पाणी वाहून नेणारी पन्हळ. या दोन्ही जागी फोम कधीही नसावा. आजूबाजूच्या डेकवर फोम आणि झाकण उघडे, किंवा याच्या उलट, अशी उंच-सखल रचनाही ठेच लागण्याचे कारण ठरते.

चिकटवण्याचे तंत्रही नाजूक आहे. फोमच्या पाठीवर दाबाने चिकटणारा अ‍ॅक्रिलिक गोंद असतो. पृष्ठभागावर मेण, तेल किंवा ओल राहिली तर तो फायबरग्लासला नव्हे, त्या थरालाच चिकटतो. म्हणून आधी साबणाने, मग योग्य द्रावकाने पुसून, पूर्ण कोरडे करूनच तुकडा बसवतात आणि रूळ फिरवून दाबतात. गोंदाची पूर्ण ताकद यायला साधारण तीन दिवस लागतात, तोवर होडी पाण्यात न घालणेच बरे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्यांच्या डागडुजीची बरीच कामे याच काळात उरकतात. दमट हवेचे ते दिवस या कामाला सर्वांत वाईट. छप्पर नसेल तर एप्रिल-मे गाठावा.

आपल्या किनाऱ्यासाठी

ईव्हीए अमर नाही. अतिनील किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात, रंग उडतो, पृष्ठभाग भुकटतो. एकाच जागी जड बर्फपेटी कायम ठेवली तर बुडबुड्यांतला वायू हळूहळू झिरपून जातो आणि खळगा कायमचा राहतो. डिझेल व पेट्रोल सांडले तर फोम फुगून सैल होतो. गळ आणि सुरीने तो सहज फाटतो. त्याचे झिजलेले कण शेवटी समुद्रातच जातात, म्हणून भुकटू लागलेला तुकडा वेळेवर काढून किनाऱ्यावरच्या कचऱ्यात टाकणे ही मालकाची जबाबदारी आहे.

या मर्यादा लक्षात घेतल्या की कुठे काय लावायचे हे स्पष्ट होते. जाळी, साखळ्या, बर्फाच्या लाद्या आणि डिझेल यांचा रोजचा वावर असलेल्या ट्रॉलरच्या मुख्य डेकवर फोम टिकणार नाही. तिथे रेझिनमध्ये वाळूसारखे कठीण कण मिसळून केलेला खरबरीत थरच योग्य. मासे ठेवायच्या कप्प्याच्या झाकणावर फोम लावला म्हणजे बर्फ टिकेल, हीही समजूत चुकीची. त्यासाठी झाकणाच्या आत पाच सेंटिमीटर पॉलियुरेथेन लागते. सहा मिलिमीटर ईव्हीए त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही रोध करत नाही.

पण सुकाणूजवळ जिथे तांडेल तासन् तास उभा राहतो, जिथून प्रवासी पाय टाकून आत येतात, मालवण-तारकर्ली किंवा गोव्याच्या पर्यटन होड्यांत जिथे ओल्या, अनवाणी पायांची मुले आणि वृद्ध वावरतात, तिथे, आणि चढण्या-उतरण्याची पायरी बनलेल्या प्रत्येक झाकणावर, हे आवरण लावण्याजोगे आहे. ते चैनीच्या नौकांचे नखरे म्हणून सोडून देऊ नये. डोके आपटणे, हात मोडणे, पाण्यात पडणे अशा अनेक अपघातांची सुरुवात साध्या घसरण्याने होते आणि ते घसरणे टाळणारे विज्ञान आपल्याकडे आहे. लाइफ जॅकेट किती आहेत हे विचारतो, तसे पायाखाली काय आहे हेही होडीत चढताना विचारायला शिकले पाहिजे, आणि होडीची तपासणी करणाऱ्यांनीही ओल्या झाकणावर स्वतः उभे राहून पाहिले पाहिजे.